आणेवारी, मॉडेल आणि मोजणाऱ्याचा हक्क

खेडा सत्याग्रहाची हकिगत आपण शेतसाऱ्याविरुद्धचा लढा म्हणून वाचतो. तो तसा होताच. पण १९१८ साली गुजरातेतल्या त्या जिल्ह्यात ठिणगी पडली ती एका आकड्यावरून. मुंबई इलाख्याच्या महसुली नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी उतरले, तर शेतकऱ्याला त्या वर्षीच्या साऱ्याची पूर्ण तहकुबी मागता येई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, तेव्हा चार आणे हा त्याचा चौथा हिस्सा. सरकारी दप्तर म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाच्या मंडळींनी पाहणी केली, गांधीजींचे सहकारी गावोगाव फिरले, तरी हा मुद्दा शेवटपर्यंत वादातच राहिला. राहणारच होता. खालच्या कर्मचाऱ्याने बांधावरून नजर टाकायची, वरच्याने आपल्या समजुतीप्रमाणे त्यात आणा-दोन आणे कमीजास्त करायचे आणि त्यावर सही व्हायची, अशी आणेवारीची रीत होती. दोन्ही बाजूंना मान्य होईल असे माप कोणाकडेच नव्हते. म्हणून ज्याच्या हाती दप्तर, त्याचा अंदाज खरा.

आज शेतीचे हिशेब संगणक करू लागला आहे. कोणत्या शिवारात किती पाऊस मुरला, पिकाला पुढचे पाणी कधी लागेल, युरियाची दुसरी मात्रा आता द्यावी की आठ दिवस थांबावे, भातखाचरातून किती मिथेन हवेत गेला, शेणखताने जमिनीत किती कार्बन साठला, हे मॉडेल सांगते. हवामानपूरक शेतीची धोरणे, अनुदाने आणि कार्बन क्रेडिटचे व्यवहार त्याच्या उत्तरांवर बेतले जात आहेत. या सगळ्यात शेतातल्या नोंदींना सहसा कच्च्या मालाची जागा मिळते. गिरणीला कापूस लागतो तशा मॉडेलला नोंदी लागतात, एवढाच त्यांचा मान. आपल्या मुलखातला मोजणीचा इतिहास चाळला तर मला निराळे चित्र दिसते. नोंदीवर मॉडेल पोसले जाते हे खरेच, पण तिचे मोठे काम पुढे आहे: दूर कुठेतरी काढलेल्या आकड्याला ‘हे चूक आहे’ असे पुराव्यानिशी सांगण्याची सोय तिच्यामुळे होते. ही सोय शेतकऱ्याला हवी असते, आणि कधीकधी अख्ख्या देशालाही.

आणेवारीच्या जागी खरे माप आणणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव आघाडीवर आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकले आणि १९४०च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत वि. गो. पानसे यांच्या साथीने त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. गाव कोणते, गावातले शेत कोणते, शेतातली जागा कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे. तिथे ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. मोजणाऱ्याच्या मर्जीला जागाच ठेवायची नाही. या घडणीत सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात जो वाद झाला तो आजही वाचावा असा आहे. महालनोबिस यांनी बंगालमध्ये काही फुटांचे लहान तुकडे कापण्याची पद्धत वापरली होती. लहान तुकडे झटपट कापून होतात, त्यांची संख्या वाढवता येते, आणि संख्या वाढली की गणितातली चूक घटते. सुखात्म्यांनी दाखवले की लहान तुकड्यात उत्पन्न सातत्याने जास्त भरते. कारण अगदी साधे होते. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणजे ही चूकही जास्त. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी ही गोष्ट मांडली. महालनोबिसांच्या गणितात खोट नव्हती. चूक विळा धरणाऱ्या हातातून येत होती, आणि तुकडे कितीही वाढवले तरी ती कमी होणार नव्हती. वादाचा आणखी एक पदर होता. महालनोबिसांना वेगळे प्रशिक्षित पथक हवे होते, तर महसूल आणि शेती खात्याची नेहमीची माणसेच हे काम करू शकतील असे सुखात्म्यांचे म्हणणे होते. पुढे देशात हीच दुसरी वाट रुळली. आज पीक विम्याची भरपाई ठरते तीही बहुतांशी पीक कापणी प्रयोगांवर, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पन्नाचा अंदाज काढणारी मॉडेलेही याच वजनांशी ताडून पाहिली जातात.

संगणक येण्याआधी मॉडेल नव्हते असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या अभियंत्याने मुंबई इलाख्यातल्या पाणलोटांवरून एक कोष्टक तयार केले. पावसाळ्यात इतके इंच पाऊस पडला तर चांगल्या, मध्यम आणि खराब पाणलोटातून किती टक्के पाणी वाहून येईल, ते त्यात वाचता येते. तलाव आणि बंधारे आखणारे अभियंते हे कोष्टक पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. १९२९ साली इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणी ओढ्या-नद्यांचे प्रवाह मोजून घाटमाथ्यासाठी एक आणि दख्खनच्या पठारासाठी दुसरे अशी दोन सूत्रे दिली. पठाराच्या सूत्रात पावसातून पहिले सात इंच वजा होतात. तेवढा पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते, ओढ्याला काही देत नाही. घाटासाठी वेगळे आणि पठारासाठी वेगळे गणित लागते हे त्यांना कळले ते ५३ ठिकाणी मोजल्यामुळे. एकच सूत्र घेऊन बसले असते तर कोकणच्या वाटेवरचा बंधारा आणि माणदेशातला बंधारा एकाच मापाने आखला गेला असता. या कोष्टकांची मर्यादाही उघड होती. ती हंगामाचा एकूण पाऊस विचारतात. पाचशे मिलिमीटर पाऊस तीस दिवसांत रिमझिम पडला काय आणि सहा दिवसांत कोसळला काय, कोष्टकाला फरक पडत नाही. पिकाला आणि विहिरीला पडतो. संगणकाने शेतीच्या हिशेबात घातलेली खरी भर मला इथे दिसते. तो रोजचा हिशेब मांडू शकतो, आणि रोजचा हिशेब मांडला की हंगामाच्या सरासरीत लपलेला वीस-बावीस दिवसांचा खंड डोळ्यांसमोर येतो.

पुण्याला या इतिहासात मध्यवर्ती जागा आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले. त्याच सुमारास लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाचे काम झाले, त्यातून कृषी संशोधन परिषद उभी राहिली, आणि १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास हे पालघाटचे, रामन यांच्या हाताखाली तयार झालेले भौतिकशास्त्रज्ञ. वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीतल्या तापमापकावर त्यांचे समाधान नव्हते. पीक त्या पेटीत उगवत नाही, जमिनीलगत उगवते, तेव्हा तापमान तिथे मोजले पाहिजे, असा त्यांचा साधा आग्रह होता. कृषी महाविद्यालयाच्या शेतात वेगवेगळ्या उंचीवर आणि जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक लावले गेले. काळ्या जमिनीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरला तर ती किती थंड राहते, हेही तपासले गेले. आज आच्छादनाने जमिनीचे तापमान उतरवण्याच्या गोष्टी नव्या म्हणून सांगितल्या जातात, तेव्हा हा खडू आठवतो.

रामदासांच्या नोंदींतली सर्वांत विलक्षण गोष्ट रात्रीच्या हवेची आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता बाहेर टाकते आणि गार होते, म्हणून सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली असणार, असे पुस्तक सांगत होते. रामदास आणि आत्मनाथन यांना १९३२ साली दिसले ते असे की सर्वांत गार थर जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असतो. लोकांनी उपकरणांवर शंका घेतली. सिद्धान्ताशी न जुळणाऱ्या मापाच्या वाट्याला हे येतेच. १९५०च्या दशकात राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच पुन्हा मोजून पाहिले, तेव्हा तो थर जागच्या जागी सापडला. त्याचा गणिती उलगडा करण्याचा भक्कम प्रयत्न झाला १९९०च्या दशकात, बंगळूरला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून, आणि जमिनीलगतच्या धुळीकणांचा त्यात वाटा किती यावर चर्चा त्यानंतरही चालू राहिली. म्हणजे शेतातली नोंद मॉडेलच्या साठ वर्षे पुढे होती. १९३२ साली पुण्यात आजच्यासारखा संगणक असता आणि शेतात तापमापक नसते, तर संगणकाने पुस्तकातलेच उत्तर दशांश चिन्हाच्या पुढे चार अंकांपर्यंत काढून दिले असते, आणि ते चुकीचे असते.

सोलापूरची कहाणी याला जोडूनच येते. कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले आणि १९३३ साली परिषदेच्या मदतीने सोलापूर, विजापूर अशा अवर्षणप्रवण भागांत केंद्रे निघाली. न. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जे केले ते नीरस वाटावे असे काम आहे: गिरमिटाने वेगवेगळ्या खोलीवरची माती काढून ओलावा तोलणे, उताराच्या तुकड्यांवरून वाहून जाणारे पाणी आणि माती टाकीत गोळा करून मोजणे, आणि हे वर्षानुवर्षे करत राहणे. त्यातून जी पद्धत निघाली तिला मुंबईची कोरडवाहू पद्धत म्हणत: बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, पाऊस पडून गेला की पुन्हा पुन्हा कुळवणी, विरळ पेरा. पद्धत बांधाच्या बाबतीत जिथे अडखळली तेही बोलके आहे. १९४२च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर दुष्काळी कामांत समपातळी बांध सर्वत्र घातले गेले. हलक्या आणि मध्यम जमिनींत ते उपयोगी पडले. खोल काळ्या जमिनीत बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळे पडे, उन्हाळ्यात बांधाला भेगा जात आणि पहिल्या मोठ्या पावसात तो फुटे. नकाशावर दोन्ही जमिनी ‘काळ्या’च होत्या. एका प्रकारच्या जमिनीचे गणित दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर लादल्याची किंमत शेतकऱ्याने फुटलेल्या बांधाने भरली.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र महाराष्ट्राबाहेरचा आहे आणि तो देशाच्या पातळीवरचा आहे. १९९०च्या सुमारास हवामानबदलाच्या वाटाघाटी सुरू होत असताना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडते, असा आकडा होता. खाचरात पाणी साचले की चिखलातला प्राणवायू संपतो, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात आणि तो भाताच्या पोकळ काडीतून वर येतो. यात वाद नव्हता. वाद मापाचा होता. युरोप-अमेरिकेतल्या थोड्या शेतांवर मोजलेले प्रमाण भारतातल्या भाताच्या क्षेत्राने गुणून तो आकडा काढला होता. तिथली शेते सतत पाण्याखाली, सेंद्रिय द्रव्याने भरलेली. इथे निम्म्याहून अधिक भात पावसाच्या भरवशावर, खाचर अधूनमधून कोरडे पडणारे, उतारावर तर पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत राहणारे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले आशेष प्रसाद मित्र हे खरे तर आयनावरणाचे शास्त्रज्ञ. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरातल्या भातशेतांवर मोजणीची मोहीम निघाली. भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची, ती प्रयोगशाळेत तपासायची, आणि लावणीपासून कापणीपर्यंत हेच करत राहायचे. उत्तर आले सुमारे ४० लाख टन. आधीच्या आकड्याच्या जवळजवळ नवव्या हिश्शाएवढे.

या जागी एक रास्त आक्षेप येतो. भारताला लहान आकडा हवाच होता. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी श्रीमंत देशांच्या कार्बन हिशेबावर टीका करणारी पुस्तिका काढली होती आणि वातावरण तापलेले होते. मग सोयीचे उत्तर देणारी मोजणी आणि सोयीचे उत्तर देणारे मॉडेल यांत फरक काय? माझ्या मते फरक असा की मोजणी पुन्हा करता येते. पेटीचे माप, हवा काढण्याची वेळ, खाचरातल्या पाण्याची उंची हे सगळे जाहीर असते, आणि ज्याला पटत नाही त्याने आपली पेटी घेऊन यावे. इतर देशांतही त्या दशकात अशीच मापे घेतली गेली आणि पाणी व्यवस्थापनाचा फरक खरा ठरला; आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) पुढच्या मार्गदर्शक तत्त्वांत सतत पाण्याखालचा भात, अधूनमधून निचरा होणारा भात आणि पावसावरचा भात यांना वेगवेगळे गुणांक आले. शिवाय या मोजणीने भारताची फक्त बाजू राखली असे नाही. हंगामाच्या मध्यावर खाचर एकदा वाळू दिले तर मिथेन किती घटतो, आणि त्याच वेळी नायट्रस ऑक्साइड वाढण्याचा धोका कुठे असतो, हेही अशा मापांमुळे कळले. मातीतून सुटणाऱ्या वायूंचा हिशेब मांडणारी डीएनडीसीसारखी मॉडेले पुढे भारतातल्या भातावर वापरली गेली तेव्हा ती आधी इथल्या शेतांतल्या नोंदींवर बेतून घ्यावी लागली. नंतर काढलेले सल्ले, म्हणजे पाणी आलटूनपालटून देणे वगैरे, त्या बेतण्यानंतरचे आहेत.

महाराष्ट्रात आज याचे जवळचे उदाहरण म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या सुमारे पाच हजार गावांसाठी जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून तो राबवला गेला, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे मॉडेल मुंबईच्या आयआयटीने तयार केले. मातीचा पोत, खोली, उतार आणि पीक घ्यायचे, रोजचा पाऊस त्यावर सोडायचा, आणि किती पाणी वाहिले, किती मातीत राहिले, किती खाली झिरपले, पिकाची तूट किती पडली, हे दिवसागणिक काढायचे. स्ट्रेंजच्या कोष्टकापासून ही मोठी झेप आहे, आणि शेततळे कुठे घ्यावे की घेऊच नये, हे गावाला सांगण्याची ताकद तिच्यात आहे. पण तिचा रोजचा पाऊस येतो महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावरून. ‘महावेध’ प्रकल्पातून अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली, हे काम छोटे नव्हे. तरी एका मंडळात दहा-वीस गावे असतात, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवाराला झोडपून शेजारचे कोरडे सोडतो हे कोणाला सांगायला नको. विम्याच्या प्रत्येक हंगामात ‘मंडळात पाऊस नोंदला गेला, आमच्या शिवारात थेंब नाही’ ही तक्रार असते. ज्या गावाकडे स्वतःचा पर्जन्यमापक आणि त्याची नीट ठेवलेली वही आहे, त्याची तक्रार अर्ज बनू शकते. बाकीच्यांची कुरकुर राहते. हिवरे बाजार या गावाने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पिकांची निवड ठरवण्याची शिस्त लावली ती संगणकाशिवाय. तिथल्या ग्रामसभेला उसासारख्या पिकाला नकार देता आला, यात वहीचा वाटा मोठा आहे.

उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रे असताना माणसांनी मोजत बसायचे कशाला, हा आक्षेप हल्ली सर्वांत जोरात ऐकू येतो. उपग्रहाला तुच्छ लेखण्यात अर्थ नाही. अख्ख्या तालुक्याची पेरणी आठवड्यात टिपणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा पिकाचे भवितव्य ठरत असते, तेव्हा आपल्यावर ढग असतात. ढगांतून पाहणारे रडार मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांचा ओलावा सांगते. तुरीचे मूळ त्याच्या कितीतरी खाली असते. सोयाबीनमध्ये तूर, कापसात मूग, अर्ध्या एकरात तीन पिके अशा शेताचा रंग चित्रात एकच दिसतो. यंत्रांचे म्हणाल तर पर्जन्यमापकाच्या नळीत पाने अडकतात, पक्षी घरटे करतात, शेजारचे झाड वाढून आडोसा धरते, आणि यंत्र तरीही आकडा पाठवत राहते. शून्य हा आकडा पाऊस नसल्याचा आहे की नळी तुंबल्याचा, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. असे असूनही २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांत उभी केलेली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४च्या सुरुवातीला बंद झाली. नोंदी आता आपोआप होतात, मग तिथे माणसे कशाला, असा युक्तिवाद त्यामागे होता. त्या माणसांचे काम नोंदी उतरवण्यापुरते नव्हते. मंगळवार-शुक्रवारचा अंदाज त्या जिल्ह्यातल्या पिकाच्या अवस्थेशी जोडून, फवारणी थांबवा की करा, हे स्थानिक भाषेत सांगणे आणि ते चुकले तर शेतकऱ्याच्या फोनला उत्तर देणे, हे ते काम होते. १९४५ साली आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र सुरू झाले, तेव्हा बोलणे एकतर्फी होते. ते दुतर्फी व्हायला सत्तर वर्षे लागली आणि मोडायला एक पत्र पुरले.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. हवामानच बदलते आहे, तर जुन्या नोंदी काय कामाच्या? कालच्या पावसाचे संबंध उद्याला लागू पडतीलच असे नाही. याचा दाखला आपल्या ओळखीचा आहे. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे मान्सून मॉडेल १९८८ पासून वापरात होते आणि बरीच वर्षे त्याने साथ दिली. २००२ साली त्याने १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला; प्रत्यक्षात पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला, आणि पुढच्याच वर्षी मॉडेल बदलावे लागले. गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेले कितीतरी सहसंबंधही असेच पुढे ढिले पडले. म्हणून जुन्या नोंदी निरुपयोगी, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. संबंध ढिला पडला हे कळले कशावरून? मोजणी चालू होती म्हणून. हवामान स्थिर असते तर तीस वर्षे मोजून थांबणे एकवेळ चालले असते. ते सरकत असताना मोजणी थांबवणे म्हणजे मॉडेल कधी कालबाह्य झाले हे कळण्याची वाटच बंद करणे. शेतकऱ्याचे अनुभवज्ञान पुरेसे आहे, असे म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. वाफसा ओळखण्यात त्याचा हात धरणारे यंत्र अजून निघालेले नाही, पण मृगाच्या पेरणीचा आडाखा ज्या पावसावर बसला होता तो पाऊसच आता वेळापत्रक पाळत नाही. पंचांगातल्या वाहनांबद्दल न बोललेले बरे.

जमिनीतल्या कार्बनच्या बाबतीत हा सगळा वाद आता कसाला लागणार आहे. मातीतला सेंद्रिय कार्बन वाढवा आणि क्रेडिट घ्या, असे करार शेतकऱ्यांपुढे येऊ लागले आहेत, आणि वाढलेला कार्बन बव्हंशी मॉडेलने ठरतो. त्यांतले एक नामांकित मॉडेल, रॉथ-सी, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचे. तिथल्या ब्रॉडबॉक शेतावर १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि जुन्या मातीचे नमुने बरण्यांतून जपलेले आहेत. जेन्किन्सन आणि रेनर यांनी १९७७ साली मांडलेला हिशेब त्या बरण्यांवर उभा आहे. पण ती थंड, ओलसर हवामानातली जमीन. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी असते, म्हणजे असेंद्रिय कार्बनही भरपूर. नमुना तपासताना तो आम्लाने काढून टाकला नाही, तर यंत्र चुनखडीलाही शेणखताचे श्रेय देते. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, त्यामुळे एका घनमीटरात माती किती वजनाची हे कोणत्या महिन्यात मोजले यावर एकरी कार्बनचा आकडा बदलतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी रॉथ-सी काळ्या जमिनींवर तपासले ते दीर्घकालीन खत प्रयोगांच्या आधाराने. असे प्रयोग नसते तर तपासायला काहीच नव्हते.

इथे खर्चाचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पाच वर्षांत सेंद्रिय कार्बनमध्ये पडणारा फरक इतका बारीक असतो की एकाच शेतातल्या दोन कोपऱ्यांत त्याहून मोठा फरक सापडतो. तो पकडायचा तर एकरी इतके नमुने लागतील की क्रेडिटचे सगळे पैसे प्रयोगशाळेत जातील. प्रत्येक शेत मोजा, असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही. पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे आणि त्यांची संशोधन केंद्रे राज्यभर पसरलेली आहेत. प्रत्येक मृदाप्रकारासाठी एक तरी क्षेत्र असे राखता येईल, जिथे तेच पीक, तेच खत आणि त्याच खोलीवरचा नमुना वर्षानुवर्षे घेतला जाईल, आणि कार्बनचा व्यवहार करू पाहणाऱ्या कोणाचेही मॉडेल आधी तिथल्या उघड्या नोंदींशी लावून पाहिले जाईल. त्याला महासंगणक लागत नाही. वाळलेली माती ठेवायला बरण्या आणि एक कोरडी खोली, सगळ्यांना वाचता येईल अशी नोंदवही, आणि निवृत्तीनंतर रिकामे न राहणारे एका प्रयोगशाळा सहायकाचे पद, एवढे लागते.